मदत हवी आहे: वस्तीतल्या मोकळ्या जागेत आधी काय करावं? लोक येतच नाहीत

घाईत_आहे
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थोडक्यात लिहितो. आमची वस्ती शहराच्या जुन्या भागात. वीसेक वर्षांत इकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. दिवे बंद, गटार तुंबलेलं, बंद घरं वाढत चाललीत. आम्ही आठ-दहा जणांनी ठरवलं, आता आपणच करू. मधोमध मोकळी जागा आहे, तिथे लोक राडारोडा टाकतात. प्रश्न एवढाच: आधी बाग, वाचनालय की भिंती रंगवायच्या? एका संस्थेकडून थोडा निधी मिळण्यासारखा आहे, दीड महिन्यात प्रस्ताव द्यायचाय. तीन बैठका झाल्या. पहिलीला चाळीस जण, दुसरीला पंधरा, तिसरीला आम्हीच. लोकांना कशाचंच पडलेलं नाही. कृपया 'लोकसहभाग वाढवा' असं सांगू नका, तेच तर जमत नाहीये.

मोजपट्टी
जागा कुणाची?

रंगारी
भिंती. डोळे झाकून भिंती. आम्ही दोन रविवारांत अख्खी गल्ली रंगवली. एरवी ओळख न दाखवणारे लोक शिडी धरायला आले. काहीतरी बदललेलं दिसलं की माणसं आपोआप येतात. बैठकांनी कुणाचं भलं झालंय?

मोजपट्टी
आणि रंग उडाल्यावर? असो. जागा कुणाची?

घाईत_आहे
मोकळीच आहे हो. कुणी विचारत नाही.

जुनं_खोड
बाग होईपर्यंत कुणी विचारत नाही. झाली की मालक उगवतो. आम्ही चार वर्षं खपून केलेल्या बागेत एका सकाळी मोजणीवाले उभे होते. हातात कागद नव्हता, म्हणून तोंड उघडता आलं नाही.
बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातल्या डडली स्ट्रीटचं वाचा. तिथेही ओसाड भूखंड, बाहेरून आणून टाकलेला कचरा. 1984 मध्ये रहिवाशांनी संघटना उभी केली. पहिली मोठी मोहीम बागेची नव्हती, कचरा टाकणं थांबवण्याची होती. 1988 मध्ये तर त्यांनी रिकामे भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकारच शहराकडून मिळवला. जमीन सामुदायिक न्यासाच्या (ट्रस्टच्या) नावावर, वर घर राहणाऱ्याचं, जमिनीचा 99 वर्षांचा भाडेपट्टा. त्यामुळे कुणी घर विकलं तरी खालची जमीन बाजारात जात नाही.

कडुलिंब
राडारोड्याच्या जागेत काही खायचं लावणार असाल तर आधी माती तपासून घ्या. जुन्या इमारतींच्या रंगातलं शिसं मातीत उतरलेलं असतं. उंच वाफे करून बाहेरची माती भरा. मुलं खेळणार असतील तर तपासणी नक्की कराच.

घाईत_आहे
@कडुलिंब, धन्यवाद, पण मी हे विचारलं नव्हतं.
@जुनं_खोड, मला दीड महिना आहे, 99 वर्षं नाहीत.

कोपऱ्यावरची
बैठका किती वाजता आणि कुठे घेतल्या? आणि भाड्याने राहणारे किती?

घाईत_आहे
रविवारी सकाळी अकरा वाजता, आमच्यातल्याच एकाच्या घरी. आम्ही सगळे घरमालक, त्यामुळे सोयीचं पडतं. भाडेकरू निम्म्याहून जास्त असतील. त्याचा काय संबंध?

कोपऱ्यावरची
संबंध तोच आहे. मी भाडेकरू. आधीच्या गल्लीत मी रोज संध्याकाळी बागेला पाणी घालायचे. बाग छान झाली, दिवे आले, आणि पुढच्या कराराला भाडं वाढलं. घरमालक म्हणाले, 'आता भाग सुधारलाय ना.' मी घर सोडलं. तुमच्या तिसऱ्या बैठकीला न आलेल्यांनी हा हिशोब आधीच केला असेल. त्यांना पडलेलं नाही असं म्हणू नका.

रंगारी
मग काय, वस्ती घाणच ठेवायची? भाडं वाढेल म्हणून गटार तुंबलेलं बरं?

जुनं_खोड
तसं कोण म्हणतंय? जमीन आणि भाड्याचं आधी बोलून घ्या, रंग नंतर. लिव्हरपूलच्या ग्रॅनबी भागात आधी रहिवाशांनी स्वतःच रस्ते झाडले, झाडं लावली, बंद घरांच्या खिडक्या रंगवल्या. म्हणजे रंगारी अगदीच चुकीचे नाहीत. पण ते तिथेच थांबले नाहीत, 2011 मध्ये जमिनीसाठी न्यास केला आणि मग पडकी घरं दुरुस्त झाली. ज्या वास्तुरचनाकारांच्या गटाने हे काम केलं त्याला 2015 चा टर्नर पुरस्कार मिळाला.

रंगारी
बघा, शेवटी पुरस्कार कलेचाच!

मोजपट्टी
😑 दिवे आणि गटाराचा विषय निघालाच आहे तर कराचीची ओरंगी वस्ती बघा. 1980 मध्ये समाजसेवक अख्तर हमीद खान यांनी काम सुरू केलं तेव्हा त्यांनी पैसे वाटले नाहीत. नकाशे, अवजारं आणि सल्ला दिला. गल्ली हेच एकक धरलं. घरातलं शौचालय आणि गल्लीतली वाहिनी लोकांनी आपल्या खर्चाने करायची, मुख्य नाला सरकारने. ठेकेदार मध्ये नसल्याने खर्च खूप उतरला. वीस-तीस घरं एकमेकांना ओळखतात, अख्खी वस्ती ओळखत नाही. तुम्ही सगळ्या वस्तीची बैठक बोलावताय.
आणि तिसऱ्यांदा विचारतो: जागा कुणाची?

घाईत_आहे
चार दिवसांनी येतोय. चौकशी केली. जागा महापालिकेची आहे, शाळेसाठी राखून ठेवलेली. आम्हाला माहीतच नव्हतं. त्यामुळे वाचनालयाचं पक्कं बांधकाम बाद.
दुसरं, संध्याकाळी अकरा दारं वाजवली, सगळे भाडेकरू. बागेचं नाव एकानेही काढलं नाही. नऊ जण मागच्या गल्लीतल्या अंधाराबद्दल बोलले, रात्रपाळीहून येताना भीती वाटते म्हणाले. एका काकूंनी सरळ विचारलं, 'हे सगळं झाल्यावर आमचं भाडं वाढणार का?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझंही वरचं घर भाड्याने दिलेलं आहे, हे इथे लिहायचं राहिलं होतं.
आम्ही आठ घरमालकांनी अमुक वर्षं भाडं वाढवणार नाही असं लिहून दिलं तर ते टिकतं का? दोघे आताच कुरकुर करताहेत.

कोपऱ्यावरची
प्रत्येक भाडेकरूच्या करारात घाला. वेगळ्या कागदावर 'आमची भावना' म्हणून नको. आणि पुढची बैठक त्या मागच्या गल्लीत, रात्रपाळीवाले निघायच्या आधी घ्या. अंधारातच.

मोजपट्टी
निधी दिव्यांना चालतो की फक्त 'सुशोभीकरणा'ला? त्या संस्थेच्या अटी तुम्ही अजून लिहिल्याच नाहीत.

रंगारी
दिव्याच्या खांबांवर चित्रं काढता येतात. सुचवून ठेवतो.

कडुलिंब
माती तपासली का?