धंदेवाल्यानं मेडिक्लेम काढावा का सरळ एफडी करावी? कोल्हापूरकरांनो, बोला

लेथवाला_उद्यमनगर
मंडळी, शिवाजी उद्यमनगरात माझं जॉबवर्कचं बारकं शेड आहे, दोन लेथ, एक ड्रिल, मी आणि हाताखाली एक पोरगा. वय ३९. घरात बायको, दोन मुलं आणि वडील ६९, त्यांना १२ वर्षं झाली शुगर आहे. नोकरीवाल्या दोस्तांना कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असतो, आपल्याला कोण देणार, आपणच मालक आणि आपणच हमाल. गेल्या आठवड्यात एजंट येऊन बसला, दोन चहा प्याला आणि आम्हा चौघांचा १० लाखाचा फ्लोटर (चौघांना मिळून एकच विमा) २३ हजार, वडिलांचं वेगळं ५ लाखाचं ४८ हजार असा आकडा सांगून गेला. म्हणजे वर्षाला ७१ हजार! माझं म्हणणं, हेच पैसे दरसाल एफडीत टाकले तर १० वर्षात ७ लाख मुद्दल, वर व्याज, आजारी पडलो नाही तर सगळं आपलंच. प्रीमियम म्हणजे पंचगंगेत सोडलेला दिवा, गेला तो गेला. आणि अडीनडीला सरकारची मोफत उपचाराची महात्मा फुले योजना आहेच की, आता पांढऱ्या रेशनकार्डालासुद्धा ५ लाखापर्यंत आहे. मी जवळजवळ नाही म्हणूनच ठरवलंय पण बायको म्हणते आधी चार लोकांना विचार. पटलं नाही तर शिव्या घाला, फक्त कारण सांगा.

चप्पल_लाईन
शंभर टक्के सहमत भावा. मी ९ वर्षं प्रीमियम भरला, एक दिवस उशीर नाही. दहाव्या वर्षी पित्ताशयाच्या खड्याचं ऑपरेशन झालं, बिल १ लाख ९० हजार, कंपनीनं दिले १ लाख १८ हजार. ७२ हजार खिशातनं. विचारलं तर म्हणे नियमात बसत नाही. नियम काय, तर त्यांनाच ठाऊक. पॉलिसी बंद केली त्याच वर्षी.

हिशेबनीस
चप्पल लाईनवाले दादा, तुमची पॉलिसी ३ लाखाची होती का? आणि रूम किती रुपयाची घेतली होती?

चप्पल_लाईन
हो ३ लाखाची. रूम ६ हजारवाली एसी, चार दिवस. का?

हिशेबनीस
मग हिशेब बरोबर आहे हो, दुर्दैवानं. जुन्या ३ लाखाच्या पॉलिसीत रूम भाड्याची मर्यादा विम्याच्या १ टक्का असायची, म्हणजे दिवसाला ३ हजार. तुम्ही दुप्पट भाड्याची रूम घेतलीत, तर कंपनी नुसतं रूमचं भाडं अर्धं करत नाही, डॉक्टरची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग हेसुद्धा त्याच प्रमाणात अर्धं करते. औषधं आणि तपासण्या तेवढ्या पूर्ण धरतात. समजा भाडं २४ हजार, सर्जन-ओटी वगैरे १ लाख २० हजार आणि औषधं-तपासण्या ४६ हजार. पहिल्या दोन्हीचे अर्धे १२ हजार नि ६० हजार, त्यात ४६ मिळवा, आले १ लाख १८ हजार. तीन हजारवाली रूम घेतली असती तर यातले बरेच पैसे वाचले असते. एजंटनं पॉलिसी विकताना हे एक वाक्य सांगायला पाहिजे होतं, ते सांगितलं नाही हा खरा राग. पण त्यावरनं मेडिक्लेमच वाईट हे नाही पटत. आता रूम भाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसी मिळतात, कितीही स्वस्त असली तरी मर्यादावाली घेऊ नका एवढंच म्हणेन.

चप्पल_लाईन
म्हणजे चूक माझीच. छान. नळी डॉक्टरच्या हातात, सही माझ्या हातात, आणि मी काय टक्केवारी काढत बसू होय?

रंकाळा_काठ
मूळ प्रश्नाला उत्तर देते. आमचा मेसचा डबा आहे, ४० एक डबे जातात रोज. आम्हीपण लेथवाल्या दादांसारखंच म्हणायचो, पैसे बँकेत ठेवू. २०२१ ला मिस्टरांना कोविड झाला, ११ दिवस ऑक्सिजनवर होते, बिल ३ लाख ८० हजार. एफडीत होते १ लाख ४०, कारण आमच्या "साठवणुकीचं" ते दुसरंच वर्ष होतं. बाकीच्यासाठी माझ्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या, त्या सोडवायला २०२४ उजाडलं. दादा, तुमचे ७ लाख दहाव्या वर्षी होणार आहेत. पहिल्या वर्षी ७१ हजारच असणार की.

आणि अजून एक, डबा बंद होता दीड महिना. गिऱ्हाईक काय थांबून राहतंय? अर्धे दुसरीकडं गेले ते गेले.

लेथवाला_उद्यमनगर
ताई, हे मनाला लागलं. पण योजना होती की तेव्हापण.

भिशी_नंबर_एक
योजनेबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी फुले योजनेत झाली, एक रुपया लागला नाही. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं टेबल असतं, तिथं रेशनकार्ड आणि आधार दिलं, मंजुरी आली, झालं. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून निघाली तेव्हा पिवळं-केशरी कार्ड पाहिजे होतं, २०१७ ला नाव बदललं, आता सगळ्यांना आहे. ज्याला ७१ हजार देणं जमत नाही त्यानं कर्ज काढून मेडिक्लेम भरायची गरज नाही. उरलेल्या पैशाची भिशी लावा, अडचणीला पहिली उचल तुमची.

हिशेबनीस
योजना चांगलीच आहे, माझा विरोध नाही. पण ती यादीवर चालते. यादीतलं हॉस्पिटल पाहिजे आणि यादीतला उपचार पाहिजे, दोन्ही जुळलं तर सोनं. नाही जुळलं तर बिल तुमचं. रात्री दोन वाजता पोटात दुखतंय म्हणून जवळच्या हॉस्पिटलात नेलं आणि ते योजनेत नसलं तर आरोग्यमित्र कुठनं आणणार? आणि भिशीची उचल ठरलेल्या तारखेला निघते हो, अपेंडिक्स तारीख विचारत नाही.

भिशी_नंबर_एक
मग अपेंडिक्स झालं तर तालमीची पोरं वर्गणी काढतील, कोल्हापूर आहे हे 😄

मंगळवार_पेठ_कट्टा
काढतात खरंच, पण दोनदा नाही काढत.

शाहूपुरी_टॅक्स
मी अकाउंट्सची कामं करतो, छोट्या धंदेवाल्यांचीच, म्हणून एक सांगतो, थोडं कडू लागंल. लेथवाले दादा, तुमची एफडी टिकणार नाही. राग मानू नका, मी दरवर्षी ५०-६० जणांची खाती बघतो. मार्चमध्ये पार्टीचं पेमेंट अडकलं, लोखंडवाल्याला द्यायचे आहेत, लेथचा बेड घासायला काढला, मुलीची फी आली, पहिली मोडते ती हीच "आजारपणाची" एफडी. पगारदाराचा पैसा वेगवेगळ्या डब्यात राहतो, धंदेवाल्याचा सगळा एकाच गल्ल्यात. प्रीमियम गेला तो गेला म्हणता ना, तो गेलेला असतो म्हणूनच तो मार्चमध्ये कच्च्या मालात जात नाही.

बाकी दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासनं वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, एजंटचा २३ हजार आकडा जीएसटी धरून आहे का ते विचारा, जुन्या कागदावरनं वाचला असला तर कमी होईल. दुसरं, प्रीमियमवरची आयकर वजावट, जिला ८०डी म्हणतात, ती फक्त जुन्या कर पद्धतीत आहे, स्वतःच्या कुटुंबाला २५ हजार आणि ज्येष्ठ आईवडिलांना ५० हजारपर्यंत, पण प्रीमियम रोखीनं भरला तर काहीच मिळत नाही. आपल्याकडं एजंटच्या हातात नोटा द्यायची सवय आहे, म्हणून सांगितलं.

लेथवाला_उद्यमनगर
एफडी टिकणार नाही हे वाचून बायको जोरात हसली. दिवाळीला मोडलीय एक, खोटं कशाला बोलू. बरं, वडिलांचं काय करू? ४८ हजार, वर २० टक्के को-पे म्हणे, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा आपलाच.

हिशेबनीस
वडिलांचं आत्ता थांबा असं मी म्हणेन. शुगर आधीपासनं आहे, म्हणजे त्यातनं होणाऱ्या आजाराला वाट बघायला लावणार, २०२४ च्या नियमानं ती मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं, आधी ४ होती. म्हणजे ४८ हजार तीनदा भरून ते ७२ चे होणार तेव्हा शुगरचं कव्हर सुरू. उलट पुढच्या वर्षी आधारप्रमाणे ७० पूर्ण झाले की आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ५ लाखाचं, उत्पन्नाची अट नाही, आणि जुना आजार पहिल्या दिवसापासनं धरतात.

रंकाळा_काठ
यात मी हिशेबनीस काकांच्या विरोधात. त्या कार्डालापण हॉस्पिटलची यादी आहेच, वर तुम्हीच सांगितलंत यादीचं दुखणं! ज्याला परवडतं त्यानं वडिलांचं काढावंच. ७० ला कार्ड मिळेल पण मधलं एक वर्ष काय देवाच्या भरवशावर?

हिशेबनीस
ताई, बरोबर आहे तुमचं. पण ४८ हजार त्यांना परवडत असते तर हा प्रश्नच इथं आला नसता. मग चौघांचं तरी राहू नये, एवढंच. वडिलांना फ्लोटरमध्ये घुसवू नका पण, फ्लोटरचा प्रीमियम सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो.

आणि एफडीचा हट्टच असेल तर मधला मार्ग आहे, सुपर टॉप-अप. वर्षातली सगळी बिलं मिळून ५ लाखाच्या वर गेली की मग वरचं कंपनी देते, खालचे ५ लाख तुमचे किंवा योजनेचे. मूळ पॉलिसी नसली तरी घेता येतो. मला चौघांचा ६ हजाराच्या आसपास कोट आला होता. पण खालचे ५ लाख खरंच पाहिजेत हां, शाहूपुरीवाल्यांनी सांगितलेल्या गल्ल्यातले नाहीत.

चप्पल_लाईन
सगळे पॉलिसी पॉलिसी करताय, कॅशलेसचं बोला, कंपनी हॉस्पिटलला परस्पर पैसे देते ते. म्हणे मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जला ३ तास, २०२४ चा नियम. आम्ही मेव्हण्याच्या वेळी सकाळी ११ ला डिस्चार्ज म्हणून कपडे घालून बसलो ते संध्याकाळी सहाला बाहेर पडलो, टीपीएचा, म्हणजे कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्यांचा मेल येईना. केळी आणि बिस्किटावर दिवस काढला माणसानं.

मंगळवार_पेठ_कट्टा
लेखी तक्रार केली का? कंपनीनं ३० दिवसात ऐकलं नाही तर पुण्यात विमा लोकपाल आहे, फुकट आहे, वकील लागत नाही.

चप्पल_लाईन
दुकान बंद ठेवून पुण्याला कोण जाणार.

मंगळवार_पेठ_कट्टा
ऑनलाईन होते आता. आणि तुमच्या ७२ हजारासाठी एक दिवस दुकान बंद ठेवायला हरकत नव्हती काका.

गुजरीतला_कारागीर
लेथवाल्या भावा, एक विचारतो, हात गेला तर? मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देईल, पण बोट लेथच्या चकमध्ये सापडून दोन महिने शेड बंद राहिलं तर घरात काय येणार? मी चांदीकाम करतो, ॲसिडनं हात भाजला होता, बिल फक्त ९ हजार, पण काम ७ आठवडे बंद. तेव्हा कळलं की पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीत आठवड्याला ठराविक रक्कम मिळायची सोय असते, घेताना ते कलम आहे का बघून घ्यावं लागतं. बँकेतनं कापतात ते २० रुपयेवालं पंतप्रधान सुरक्षा विम्याचं वेगळं, त्यात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व असलं तरच २ लाखापर्यंत, हाताला पट्टी बांधून घरी बसल्याचं काही नाही. आपल्यासारख्याला हे आधी आणि मेडिक्लेम नंतर, असं माझं मत.

रंकाळा_काठ
हे कुणी आधी बोललंच नव्हतं. आमचा डबा बंद होता तेव्हा हेच पाहिजे होतं, पण आजाराला मिळत नसेल ना?

गुजरीतला_कारागीर
नाही ताई, अपघातालाच. आजाराचं दुखणं वेगळं.

लेथवाला_उद्यमनगर
बरं, हरलो. चौघांचं १० लाखाचं काढतोय, रूम भाड्याची मर्यादा नसलेलं, आणि ॲक्सिडेंटचं वेगळं. वडिलांचं कार्ड ७० पूर्ण झाले की. फॉर्म समोर आहे. आता एक अडचण. तंबाखूचा रकाना आहे. मी मावा खातो, १५ वर्षं. एजंट म्हणतो "नाही" लिहा, उगाच प्रीमियम वाढतोय.

चप्पल_लाईन
नाहीच लिही. ५ वर्षं सलग पॉलिसी चालली की कंपनीला जुनं उकरून काढता येत नाही, तो नियम आहे. उद्यमनगरात मावा न खाणारा माणूस दाखव मला.

हिशेबनीस
नियम अर्धा सांगताय. ५ वर्षांनंतरसुद्धा फसवणूक सिद्ध झाली तर सुटका नाही, आणि ५ वर्षांच्या आत काही झालं तर? ॲडमिट करताना डॉक्टर केसपेपरवर पहिलं हेच विचारतात, व्यसन काय. तेव्हा तुम्ही ग्लानीत असता आणि घरची माणसं घाबरून सगळं खरं सांगतात. तोच केसपेपर कंपनीकडं जातो. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही.

लेथवाला_उद्यमनगर
बायको शेजारी बसून हे वाचत होती. पेन तिनंच घेतलं आणि "होय" वर खूण केली. पुढचा रकाना आहे, दिवसाला किती. मी म्हणतोय दोन पुड्या, ती म्हणतेय शर्टाचे खिसे धुवायला मीच काढते.