अॅनिमेच्या ब्लू-रेवर पट्टे: दोष बिटरेटचा की मास्टरिंगचा?

निशाचर: रात्रीचं आकाश आलं की छटा सलग न दिसता पट्टे दिसतात आणि लगेच ओरड सुरू होते, ‘एका डिस्कवर फार भाग कोंबले!’ जरा हिशेब करा. दोन थरांच्या डिस्कवर ५० गिगाबाइट, म्हणजे ४,००,००० मेगाबिट मावतात. २४ मिनिटांचे सात भाग म्हणजे १०,०८० सेकंद. सेकंदाला जवळपास ४० मेगाबिट आले (हाच बिटरेट), आणि ब्लू-रेच्या नियमात चित्राला ४०च्या वर परवानगीच नाही. आवाजाचे ट्रॅक वजा केले तरी तिशीच्या वर सहज उरतात. खरं दुखणं ८ बिटचं, म्हणजे उजळीच्या मोजक्याच पायऱ्यांचं आहे. आकाशाची उजळी ४० पासून ६० पर्यंत चढत असेल, तर १९२० पिक्सेलच्या रुंदीत पायऱ्या फक्त २०, म्हणजे ९६ पिक्सेलचा एकेक पट्टा. १० बिटचं मास्टर (डिस्क जिच्यावरून बनते ती मूळ प्रत) ८ वर उतरवताना डिथर (पायऱ्या लपवायला मुद्दाम घातलेली खरखर) घातला नाही, की पुढे कितीही बिटरेट ओता, पट्टे राहणारच.

गामाबहाद्दर: हिशेब बरोबर, पण सोयीचा. तेच सात भाग एकथरी २५च्या डिस्कवर टाका, २०च्या खाली येता. तेरा भाग एका ५०वर टाकले तरी २१च. आणि डिथर म्हणजे अगदी बारीक खरखर. बिट कमी पडले की एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) आधी तीच उडवतो, त्याच्या लेखी तो कचरा. अंधाऱ्या सपाट भागात तर हमखास. मास्टर निर्दोष असूनही डिस्कवर पट्टे येतात ते असे.

निशाचर: एन्कोडर नीट चालवला तर २१मध्ये सपाट रंगाचं काम आरामात बसतं. एक्स२६४ या एन्कोडरला एक्यू-मोड ३ ही सेटिंग द्या, तो अंधाऱ्या भागांना जास्त बिट देतो. डीबँडिंग, म्हणजे पट्टे पुसण्याचं काम, १६ बिटमध्ये करा आणि डिथर घालून ८वर एकदाच, अगदी शेवटी उतरा. आधी ८वर येऊन मग डीबँड केलं, तर पट्ट्यांबरोबर पार्श्वचित्रातला कुंचल्याचा पोतही जातो.

रीळप्रेमी: अहो, सेलवर (पारदर्शक शीटवर) रंगवून १६ मिमी फिल्मवर टिपलेल्या मालिकाही आहेत की! तिथे ग्रेनच (फिल्मचे बारीक कण) डिथरचं काम करतो. घात करतो तो डीएनआर, म्हणजे गोंगाट काढणारा डिजिटल फिल्टर. फिल्टर शेजारच्या फ्रेमशी तुलना करतो आणि पाऊस, पेन्सिलीची पुसट रेघ, सगळं गोंगाट समजून खातो. हलत्या हातामागे भूत उरतं ते वेगळंच. वर शार्पनिंग केलं की काळ्या रेघेला पांढरी कड. ग्रेन जपायचा तर २१ पुरत नाहीत, तिथे गामाबहाद्दरांची बाजू खरी. २०००च्या आसपासच्या, संगणकावर रंगवून ४८० ओळींच्या टेपवर संपवलेल्या मालिकांची गत मात्र बिकट. पुन्हा स्कॅन करायला फिल्मच नाही, मग अपस्केलला, म्हणजे ताणून मोठ्या केलेल्या चित्राला, बिटरेट देऊन काय मिळणार?

गामाबहाद्दर: मान्य. पण निशाचर, एक्यू-मोड ३ नवे बिट आणत नाही, उजळ भागाचे काढून अंधाराला देतो. वाद घालण्यापेक्षा डिस्क तपासा. टीव्हीचं नॉइज रिडक्शन चित्रात ढवळाढवळ करतं, म्हणून संगणकावर बघा. एकाच दृश्यातली की-फ्रेम (स्वतंत्र, पूर्ण साठवलेली) आणि लगतची बी-फ्रेम (शेजारच्या फ्रेमवरून बांधलेली) पीएनजीत काढा, दोन्हींचा गामा वाढवून अंधार उजळा. दोन्हींत तेच धारदार पट्टे असतील तर बहुधा दोष मास्टरचा. की-फ्रेममध्ये खरखर आणि बी-फ्रेममध्ये चौकोनी ठोकळे असतील तर बिट कमी पडलेत.

निशाचर: किंवा एन्कोडरने ते चुकीच्या फ्रेमवर उधळलेत. आधी त्या सेकंदाचा बिटरेट बघा. तो १० असेल आणि डिस्कवर १५ गिगाबाइट रिकामे पडले असतील, तर जागेला दोष कसा द्यायचा?