टिपणे भरपूर, पण प्रकरण पुढे सरकत नाही

रावपुरेकर (प्रश्न):
बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीवर मी मराठीतून प्रबंध लिहीत आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, तिथपासूनच्या टिपणांनी वह्या भरल्या आहेत. मात्र नोकरीवरून येऊन लिहायला बसलो की पहिल्याच परिच्छेदाच्या खाडाखोडीत संध्याकाळ जाते, एखादी शंका आली की संदर्भ शोधायला उठतो आणि शोधता शोधता भलतेच वाचत बसतो. शिवाय आमची घरातली मराठी गुजरातीत मिसळलेली असल्याने प्रबंधाला शोभेलसे वाक्य जुळवताना हात अडतो. दीर्घ लेखन पूर्ण केलेल्यांनी मार्ग सुचवावा.

दांडिया बाजार:
वेळ कमी पडतो ही आपली खरी अडचण दिसत नाही. मजकूर मांडणे, तो तपासणे आणि भाषा घासणे ही तीन कामे आपण एकाच बैठकीत उरकू पाहता, आणि त्यात पहिले काम मागे पडते. प्रास्ताविकाने तर सुरुवात करूच नये, कारण प्रबंधात काय सिद्ध झाले हे कळल्याशिवाय ते लिहिता येत नाही. ज्या भागाची माहिती हाताशी पक्की आहे तो आधी घ्यावा. बॉर्डन यांनी ड्यूई आणि कटर या अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धतींचा मेळ घालून बसवलेले पुस्तकांचे वर्गीकरण, 1911 मध्ये सुरू झालेला प्रशिक्षण वर्ग, पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती ग्रंथालये, यांपैकी कोणत्याही एका विषयावर आपण वह्या मिटूनही दोन पाने लिहू शकाल. एखादे साल आठवले नाही तर तिथे कंसात 'साल पाहणे' असे लिहून पुढे जावे आणि असे सगळे कंस रविवारी एकदम भरावेत. लिहिताना संदर्भासाठी उठायचे नाही, एवढा एक नियम मात्र कडकपणे पाळावा.

कारेलीबागेतून:
वरील सूचनेशी सहमत आहे, पण रविवारवर फार भिस्त ठेवू नये. रॉबर्ट बॉईस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्राध्यापकांच्या लेखनसवयींचा अभ्यास केला, तेव्हा मोकळ्या दिवसाची वाट पाहणाऱ्यांपेक्षा ठरलेल्या वेळी नेमाने लिहिणाऱ्यांच्या हातून अधिक लेखन झाले, आणि त्यांना नव्या कल्पनाही अधिक सुचल्या. त्याचा नमुना लहान होता, म्हणून त्याला सिद्धांत मानायचे कारण नाही. तरीही नोकरी करणाऱ्याला रोजचा अर्धा तास परवडतो, अख्खा मोकळा दिवस सहसा मिळत नाही. उठताना पुढच्या वाक्याचा अर्धा भाग लिहून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावे लागत नाही. (नवरात्रात मात्र हा नेम बडोद्यात टिकेल, अशी अपेक्षा कोणी करू नये!)

जुना विद्यार्थी, सयाजीगंज:
भाषेच्या अडचणीविषयी वर कोणी लिहिले नाही आणि माझ्या मते मुख्य अडसर तोच आहे. पहिल्या मसुद्यात गुजराती शब्द आला तर तो तसाच राहू द्यावा, कारण योग्य मराठी शब्दासाठी थांबले की विचाराचा धागा तुटतो आणि नेमका तोच पुन्हा हाती लागत नाही. मला बसून लिहिण्यापेक्षा बोलून लिहिणे सोयीचे गेले: मोबाईलवरील मराठी श्रुतलेखनात मुद्दा समोरच्याला समजावून सांगावा तसा बोलायचा, मग तो मजकूर कागदावर नीट करायचा. विशेषनामे आणि जोडाक्षरे यंत्र हमखास बिघडवते, तेवढे सहन करावे लागते.

आणखी एक. मसुदा सुबक झाल्यावरच मार्गदर्शकांना दाखवायचा, हा संकोच प्रबंध लांबवतो. कंस भरलेले नसतानाच प्रकरण द्यावे आणि सोबत 'या टप्प्यावर केवळ मांडणीचा क्रम पाहावा' असे स्पष्ट लिहावे. तसे न लिहिल्यास ते शुद्धलेखनच तपासत बसतात आणि मुद्द्यांवर चर्चा होत नाही.

रावपुरेकर:
फिरत्या ग्रंथालयांच्या भागापासून आरंभ करतो, कारण त्याची टिपणे सर्वांत पक्की आहेत. श्रुतलेखनासाठी घरी शांतता मिळेल का, याविषयी साशंक आहे.