जुन्या चुन्याची ताकद गुळात नाही, भट्टीत आणि बैलघाणीत आहे

भट्टीकर
किल्ला असो, वाडा असो की नदीचा घाट, "चुन्यात गूळ, मेथी, बेलफळ घालायचे म्हणून इतकी वर्षं टिकलं" हे वाक्य ठरलेलं. माझ्या मते याला फारच भाव दिला गेलाय. श्रेय द्यायचंच तर चुनखडीची भाजणी, सुरखी (भाजलेल्या मातीची भुकटी), घाणी (बैल जुंपून दगडी चाकाखाली चुना घोटणं) आणि बांधकाम ओलं ठेवणं, या चौघांना द्या.

चुनखडी साधारण 900 अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. 100 किलो शुद्ध चुनखडीची 56 किलो कळी, म्हणजे न विझवलेला चुना, उरते. ती विझवताना 18 किलो पाणी कळीतच सामावतं आणि 74 किलो चुना मिळतो. वाफेवर उडून जातं ते पाणी वेगळं. भाजणी कमी पडली तर खड्यात कच्चा गाभा राहतो, तो फुकट जातो. जास्त झाली तर त्याहून वाईट: करपलेले कण विझवताना गप्प बसतात आणि गिलाव्यात गेल्यावर महिन्यांनी फुलून फोड काढतात. म्हणून विझवलेला चुना चाळून पाण्याखाली मुरवायचा. ही पायरी गाळली तर ढेपभर गूळही उपयोगाचा नाही.

दुसरं म्हणजे चुना कुठला. देशावर बेसॉल्ट, चांगली चुनखडी दुर्मीळ. तिथे काळ्या मातीतले, ओढ्याकाठचे कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, भाजत. त्यात मुळातच चिकणमातीचा अंश असतो, त्यामुळे तो चुना ओल्यातही घट्ट होतो. कोकण-गोव्यात शिंपल्यांचा चुना: पांढराशुभ्र, शुद्ध, पण पाण्याखाली एकटा काही कामाचा नाही. त्याला सुरखी हवीच.

हिरडा_बेहडा
भाजणीबद्दल वाद नाही. पण गुळाला मोडीत काढणं म्हणजे रसायनशास्त्र अर्ध्यावर सोडणं आहे. साध्या पाण्यात चुना लिटरला दोन ग्रॅमसुद्धा विरघळत नाही. पाण्यात साखर असली की हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. शिवाय तितक्याच मऊ मालाला (कालवलेल्या चुन्याला) पाणी कमी लागतं, म्हणजे वाळताना आकसणं कमी आणि भेगा कमी. मेथी आणि बेलाचा चिकट द्रव माल लवकर सुकू देत नाही. एप्रिलच्या उन्हात गिलावा करून बघा, मग कळेल हे किती मोठं काम आहे!

चीनमध्ये मिंग काळात नानजिंगच्या तटाला चिकट तांदळाची पेज घातलेला चुना वापरला. त्यातल्या स्टार्चमुळे चुनखडीचे स्फटिक बारीक आणि दाट बनतात. तोही फाजील भाव का?

पाथरवट
तांदळाचं उदाहरण इथे जोडू नका. स्टार्च मालात टिकून राहतो, जुन्या नमुन्यावर आयोडीन टाकलं तर निळा रंग येऊ शकतो. साखरेचं तसं नाही, ती पाण्यात विरघळते. चार पावसाळे खाल्लेल्या तटात गूळ होता की नव्हता हे कशावरून ठरवणार? सौम्य आम्लात नमुना विरघळवून वाळूचं प्रमाण काढता येतं, गुळाचं नाही.

आता हिशेब करू. तट 100 मीटर लांब, 8 मीटर उंच, 3 मीटर जाड धरा: 2400 घनमीटर. ओबडधोबड दगडी कामात एक तृतीयांश माल धरला तर 800 घनमीटर. त्यात विझवलेला कोरडा चुना ढोबळमानाने 150 टन. वजनाच्या 2 टक्के म्हटलं तरी 3 टन गूळ, तोही फक्त 100 मीटरला. अख्ख्या किल्ल्याचा आकडा तुम्हीच काढा.

हिरडा_बेहडा
3 टन म्हणजे 10 किलोच्या 300 ढेपा. जो खजिना 150 टन चुना भाजायला लाकूड पुरवतो, त्याला हे जड नाही. तुमचा हिशेब गूळ महाग होता एवढंच सांगतो, वापरला नाही हे सांगत नाही.

भट्टीकर
महाग वस्तू माणूस जपून, नेमक्या जागी वापरतो. गच्ची, हौद, हमाम, झिलईचा शेवटचा थर, इथे गूळ-मेथी घातली हे मला मान्य. तीन मीटर जाड भिंतीच्या पोटात? पटत नाही.

रोमकडे बघा. व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुकाराने प्रमाणं देऊन ठेवलीत: एक भाग चुन्याला खाणीतली वाळू तीन भाग, नदीची किंवा समुद्राची असेल तर दोन, आणि त्यात तिसरा हिस्सा कुटलेली खापरं घातली तर उत्तम. समुद्रातल्या कामाला ज्वालामुखीची राख दोन भाग. गोडाचं नाव नाही. रोममधल्या पँथिऑन मंदिराचा 43.3 मीटर व्यासाचा घुमट त्याच परंपरेतला, आजही उभा आहे.

हिरडा_बेहडा
रोमकडे पोझोलाना, म्हणजे ती ज्वालामुखीची राख, होती. आपल्याकडे ती राख कुठाय? बेसॉल्टची भुकटी चुन्याशी तशी वागत नाही, नुसती वाळूसारखी पडून राहते. म्हणूनच इथल्या कारागिरांनी हाताशी होतं ते वापरलं.

रांजणखळगा
राखेची जागा सुरखीने घेतली होती, तिच्यावर दोघांनीही धावतं बोलून घेतलंत. चुन्याशी संयोग पावते ती साधारण 600 ते 800 अंशांत भाजलेल्या मातीची भुकटी. त्याहून खूप जास्त भाजलेली वीट वाजते छान, पण चुन्याच्या दृष्टीने मेलेली असते. हल्ली डागडुजीत खणखणीत विटा कुटून "सुरखी" म्हणून घालतात आणि मग माल धरला नाही की गूळ कमी पडला म्हणतात!

आणि धरायला ओल लागते. सुरखीचा माल दोन-तीन आठवडे गोणपाटाखाली ओला ठेवायलाच हवा. नुसत्या चुन्याचं गणित उलटं: तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन घट्ट होतो. सतत चिंब असेल तर हवा आत शिरत नाही, पार कोरडा असेल तरी काम थांबतं. आलटून पालटून ओल आणि वारा मिळाला तरच दगड होतो, तेही बाहेरून आत, काही मिलिमीटर करत. ताज्या तुटलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन टाका. गाभा गुलाबी झाला तर तिथला चुना अजून कच्चा आहे.

पाथरवट
शिवाय घाणी. बैल जुंपून, दगडी चाकाखाली घोटलेल्या मालात चुना प्रत्येक कणाला चोपडला जातो. फावड्याने कालवलेल्यात पांढरे गोळे दिसतात.

हिरडा_बेहडा
पांढरे गोळे म्हणजे खराब काम, असं रोमन मालाबद्दलही म्हणत. 2023 साली इटलीतल्या प्रिव्हर्नम या प्राचीन रोमन शहराच्या भिंतीवरच्या अभ्यासातून वेगळंच पुढे आलं: कळी न विझवता गरमच मिसळली असावी, आणि ते गोळे भेगेत पाणी शिरलं की विरघळून भेग बुजवतात. तेव्हा घाणीचाही देव्हारा नको.

भट्टीकर
चालेल, पण ते भिंतीच्या पोटात. दोन सेंटिमीटरच्या गिलाव्यात न विझलेली कळी सोडली तर फोड येणारच.

डागडुजीपुरतं म्हणाल तर गिलाव्याचे तीन चौकोन लावून बघा: चुना-सुरखी-वाळू 1:1:1, एक साधा, एक पाण्याच्या लिटरला 25 ग्रॅम गूळ घालून, एक 100 ग्रॅम घालून. तिन्ही सारखेच ओले ठेवा, महिन्याने खिळ्याने ओरखडा. शंभरवाला सर्वांत मऊ राहील असा माझा अंदाज, आणि पावसाळ्यात बुरशी धरेल ती वेगळी.

हिरडा_बेहडा
25 ग्रॅमचा साध्यापेक्षा कमी भेगाळलेला निघेल, तेही लिहून ठेवा. आणि ओरखडा काढायच्या आधी भेगा मोजा.