रुग्णालयात जाऊन सहीला नकार दिला, तरी येण्याजाण्याचे पैसे घेतले. माझं चुकलं का?

फिरती_नोटरी (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

गेली ७ वर्षं मी इथे फिरती नोटरी आहे. शिक्का, नोंदवही आणि ठशाचं पॅड पिशवीत घालून लोकांच्या घरी, रुग्णालयात, वृद्धाश्रमात जाते. ओळख पटवायची, सही समोर घ्यायची, दाखला लिहायचा. भारतात नोटरीला आधी वकिली केलेली असावी लागते, इथे तसं नाही. ६ तासांचा वर्ग, राज्याची परीक्षा, बोटांचे ठसे देऊन तपासणी आणि १५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे हमीपत्र, एवढं झालं की ४ वर्षांची नेमणूक मिळते. २०२०-२१ मध्ये व्याजदर खाली होते तेव्हा घरकर्जाच्या कागदांनी माझे दिवस भरलेले असायचे. २०२२ मध्ये दर चढले आणि ते काम आटलं. आता निम्म्याहून जास्त काम आजारी आणि म्हाताऱ्या माणसांचं आहे. त्यात आपले लोक पुष्कळ: मुलांकडे आलेले आईवडील, मागे पुण्या-नाशकात फ्लॅट, आणि त्यासाठी कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद.

मागच्या महिन्यात रविवारी संध्याकाळी एका मुलाचा फोन आला. महाराष्ट्र मंडळातली तोंडओळख. वडील ७८ वर्षांचे, पक्षाघाताचा झटका येऊन पाच दिवस झालेले. कोथरूडच्या फ्लॅटचा व्यवहार ठरलेला, मुलाच्या नावे मुखत्यारपत्र हवं. मी फोनवरच सांगितलं: सहीचे १५ डॉलर, कारण कायद्याने त्यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. येण्याजाण्याचे ९० डॉलर, आणि सही झाली नाही तरी ते द्यावे लागतील. तो हो म्हणाला.

चाळीस मैल गाडी चालवून पोचले. घरच्यांना बाहेर थांबायला सांगून मी आजोबांच्या उशाशी बसले. विचारलं, "आजोबा, हा कागद कशाचा आहे?" ते म्हणाले, "रेशनकार्डाचा." जरा थांबून पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "बाहेर पाऊस लागलाय का?" इतक्यात मुलगा आत आला, त्यांच्या हातात पेन दिलं आणि म्हणाला, "बाबा, हो म्हणा फक्त." मी नोंदवही मिटली. सही घेतली नाही, १५ डॉलर घेतले नाहीत. ९० घेतले.

दुसऱ्या दिवशी कुणा दुसऱ्या नोटरीने ते काम करून दिलं. तेव्हापासून मंडळात माझ्याबद्दल बोललं जातंय की हिने मरणाच्या दारातल्या माणसाकडून पैसे घेतले आणि कामही केलं नाही. मला वाटतं मी बरोबर केलं. पण तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा.

इंद्रायणीकाठ

मोकळेपणाने सांगायचं तर चुकलंच.

माझी आई इथे आमच्याकडे असताना गेली. तिच्या नावावरचा फ्लॅट आणि खाती मोकळी करायला बहिणीने नाशिकला कोर्टाच्या किती फेऱ्या मारल्या ते मी पाहिलंय. मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबरच ते संपतं, म्हणून माणूस आहे तोवरच घाई असते. त्या मुलाची घाई लोभाची होती असं तुम्ही कशावरून धरलंत?

आणि तुम्ही डॉक्टर नाही. २०१५ पासून कॅलिफोर्नियातल्या नोटरीच्या दाखल्यावर चौकटीत छापलेलं असतं की दाखला देणारा अधिकारी फक्त सही करणाऱ्याची ओळख पडताळतो, कागदाचा खरेपणा किंवा वैधता नाही. तुमचं काम तेवढंच. वडिलांचा पासपोर्ट बघायचा, चेहरा जुळवायचा, सही घ्यायची. रेशनकार्ड म्हणाले की फ्लॅट म्हणाले, हे तपासण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

फिरती_नोटरी

चौकटीतलं वाक्य खरं आहे. पण तिच्या खाली काय लिहिलंय तेही वाचा. त्यात मी लिहून देते की ही व्यक्ती माझ्यासमोर आली आणि सही आपणच केल्याचं तिने माझ्याजवळ कबूल केलं. मुखत्यारपत्राला "रेशनकार्ड" म्हणणारा माणूस माझ्याजवळ नेमकं काय कबूल करतोय? खोटं आहे हे माहीत असून मी ते खरं म्हणून लिहिलं तर १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे. बाँडचा मला उपयोग नाही, तो लोकांच्या नुकसानीसाठी असतो आणि नंतर ती रक्कम माझ्याकडूनच वसूल होते. तरी दंड राहू द्या. त्या खोलीत मराठी समजणारी बाहेरची माणूस मी एकटीच होते. आजोबांना काय कळतंय आणि काय नाही, हे तिथे दुसऱ्या कुणाला समजणार होतं?

सॅन_होजेकर

भाषेचा मुद्दा इथे फार मोलाचा आहे आणि आपल्या लोकांना तो माहीत नसतो. कॅलिफोर्नियाच्या नोटरी पुस्तिकेत स्पष्ट आहे की दुभाषा वापरू नये, कारण सांगण्यातलं काहीतरी गळतं. नोटरीला सही करणाऱ्याशी थेट बोलता येत नसेल तर त्याची भाषा येणाऱ्या नोटरीकडे पाठवावं. कागद मराठीत असला तरी चालतो, माणसाशी बोलता आलं पाहिजे. मग दुसऱ्या दिवशी आलेल्या नोटरीला मराठी येत होतं का? आलं नसेल तर "हो म्हणा बाबा" हेच तिने ऐकलं असणार, आणि तेही मुलाच्या तोंडून.

सोलापूरकर_बे_एरिया

नकार मान्य. ९० डॉलर अमान्य.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाताना माणूस रिकाम्या हाताने जात नाही, शहाळं तरी नेतो. तुम्ही ओळखीच्या घरी गेलात, काम झालं नाही, आणि तरी पैसे मागितलेत. कायद्याने सहीची किंमत १५ ठेवलीय ती गरिबालाही परवडावी म्हणून. न्यूयॉर्कमध्ये तर समोरासमोरच्या सहीला २ डॉलरच घेता येतात. मग "प्रवास" म्हणून त्याच्या सहापट लावायचे, म्हणजे समोरच्या दाराने बंद केलेलं मागच्या दाराने आत घ्यायचं. तुमच्या तत्त्वाला या ९० डॉलरनी गालबोट लागलं. ते घेतले नसते तर मंडळात एकही माणूस बोलला नसता.

फिरती_नोटरी

तुमचं म्हणणं मला लागलं, म्हणून नीट उत्तर देते.

काम झालं तरच पैसे, असं ठरवलं तर सही होण्यात माझा स्वार्थ तयार होतो. रविवारची संध्याकाळ, ऐंशी मैलांचं जाणं-येणं, तासभर पार्किंग शोधणं, आणि सही झाली नाही तर हातात शून्य. अशा वेळी समोर पेन धरलेला थरथरता हात असला की मनात येतंच, "असू दे, होईल." मला ते मनात यायलाच नको आहे. प्रवासाचे पैसे सहीपासून वेगळे असले तरच मला "नाही" म्हणता येतं. काही राज्यांनी प्रवासाच्या पैशांवरही मर्यादा घातली आहे. कॅलिफोर्नियात ती नाही, म्हणून मी आकडा फोनवर आधीच सांगते आणि मेसेजनेही पाठवते. ओळखीच्यांना वेगळा दर लावला तर ओळखीच्यांना वेगळा न्यायही लावीन, अशी मला भीती वाटते.

रात्रपाळी

मी इथल्या एका रुग्णालयात वीस वर्षं नर्स आहे. तुम्ही दोन्ही बाजू पैशांवर भांडताय, आणि माझ्या मते खरी चूक वेळेची झाली.

झटक्यानंतर, त्यातून परक्या देशात, परक्या भाषेच्या खोलीत पडलेला म्हातारा माणूस संध्याकाळी गोंधळतो. दिवे लागले की हा गोंधळ वाढतो, हे आम्ही रोज बघतो. तोच माणूस सकाळी दहाला नातवाचं नाव, शाळा, इयत्ता सगळं सांगतो. रेशनकार्ड म्हणणारे आजोबा सोमवारी सकाळी "कोथरूडचा फ्लॅट, तिसरा मजला" म्हणाले असते, ही शक्यता मला मोठी वाटते. तसं असेल तर दुसऱ्या नोटरीने काहीच गैर केलं नाही.

नोटरीने फोनवर पहिला प्रश्न विचारायला हवा: ते सगळ्यात जागे कधी असतात? आणि झोपेची किंवा वेदनेची औषधं कधी दिली जातात, ते नर्सला विचारा. औषधांची नावं आम्ही सांगणार नाही, पण "उद्या नाश्त्यानंतर या" एवढं नक्की सांगू.

इंद्रायणीकाठ

हेच मला म्हणायचं होतं, फक्त मला ते रागात सांगता आलं. दार बंद करण्याआधी "सकाळी येते" असं म्हणायला हवं होतं.

फिरती_नोटरी

मी म्हणाले होते. खरं तर मुलाशी बोलताना माझाही आवाज चढला होता, त्यामुळे ते त्याला आमंत्रण वाटलं नसेल. "रात्रपाळी", फोनवर वेळ विचारायचं मला आजवर सुचलं नव्हतं. उद्यापासून विचारीन.

कोथरूडची_लेक

मी पुण्यात राहते आणि गोष्टीची दुसरी बाजू सांगते.

माझे वडील भावाकडे अमेरिकेत होते. त्यांच्या सहीचं मुखत्यारपत्र आलं, त्यावर नोटरीचा शिक्का, त्यावर राज्याचं अपोस्टील, म्हणजे तो शिक्का खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्र. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे इथे त्या कागदाला कुणी हटकत नाही. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरलं की पुढचं काम सुरू होतं. १८७२ च्या साक्ष अधिनियमाच्या ८५व्या कलमात होतं की नोटरीसमोर झालेलं मुखत्यारपत्र कोर्ट खरं धरून चालतं. २०२३ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. म्हणजे ते खोटं ठरवण्याचं ओझं माझ्यावर. मी सही पाहिली. वडील आयुष्यभर मोडीचं वळण असलेली सही करायचे. कागदावर एक वाकडी रेघ होती.

भावाने फसवलं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि हेच मला छळतं. त्या खोलीत कुणी त्यांना मराठीत विचारलं होतं का, "आजोबा, हा कागद कशाचा?" एवढं जरी कळलं असतं तरी मी गप्प बसले असते. तुमच्या ९० डॉलरबद्दल बोलणाऱ्यांनी मला विचारावं, त्या एका प्रश्नाची किंमत मी काय दिली असती.

सोलापूरकर_बे_एरिया

ताई, तुमचं वाचून पैशाचा माझा मुद्दा लहान वाटतोय. तरी मी तो सोडत नाही. प्रश्न विचारणं हे नोटरीचं कर्तव्य आहे, त्याचे वेगळे पैसे नकोत.

एक शंका मात्र आहे. वाकडी रेघ म्हणजे फसवणूकच असं नाही ना? झटक्यात उजवा हात जाऊ शकतो.

सॅन_होजेकर

नाही. हात चालत नसेल तर इथे खूण करून सही करता येते, त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक त्या खुणेशेजारी सही करणाऱ्याचं नाव लिहितो. मुखत्यारपत्र असेल तर नोटरीच्या नोंदवहीत अंगठ्याचा ठसाही घ्यावाच लागतो. नोंदवहीतल्या एखाद्या नोंदीची प्रत लेखी मागता येते, "कोथरूडची लेक" यांच्या वडिलांची सही इथे कॅलिफोर्नियात झाली असेल तर त्यांनी ती मागून पाहावी. महिना-वर्ष, वडिलांचं नाव आणि कागदाचा प्रकार एवढं लिहावं लागतं.

तंत्रस्नेही_काका

व्हिडिओवरची नोटरी का करत नाही? व्हर्जिनियाने २०११ मध्येच तसा कायदा केला.

फिरती_नोटरी

काका, कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केलाय, पण इथल्या नोटरींना तशी परवानगी मिळायला २०३० उजाडू शकतं. दुसऱ्या राज्यातल्या नोटरीकडून व्हिडिओवर केलेलं इथे चालतं. पण ओळख पटवायला ते बहुतेक वेळा इथल्या जुन्या पत्त्यांवरचे आणि कर्जांवरचे प्रश्न विचारतात. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला त्यातलं काय सांगता येणार? शिवाय पडद्यावर कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे ते दिसत नाही. मला खोलीतली माणसं बाहेर काढता आली पाहिजेत.

इंद्रायणीकाठ

अजूनही माझं मत आहे की त्या मुलाला तुम्ही एक फोन करावा. माफीचा नको, चौकशीचा. आजोबा कसे आहेत एवढंच विचारा.

आणि माझा एक प्रश्न. सासूबाई जूनमध्ये येतायत, ८१ वर्षांच्या आहेत, तब्येत आज ठणठणीत. नाशिकच्या घराचं मुखत्यारपत्र इथे आल्या आल्या करून घ्यायचा विचार आहे. आधारकार्ड चालेल का?

फिरती_नोटरी

आधार चालत नाही. मुदतीतला पासपोर्ट जवळ ठेवा. कागदाचा मसुदा नाशिकच्या वकिलाकडूनच करून घ्या. त्यात काय असावं हे मी सांगू शकत नाही, ते वकिलीचं काम आहे. सही झाल्यावर अपोस्टीलसाठी कागद सॅक्रामेंटोला पाठवायचा, त्याचे २० डॉलर. विमानाचा शीण उतरू द्या, आठवडाभराने सकाळी वेळ ठरवू.

मी त्यांना मराठीत एकच गोष्ट विचारेन, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबाल. चालेल?

फोन मी आज संध्याकाळी करते.