थर्मोस्टॅट बदलावा की काढूनच टाकावा?

ए-२०३ : नमस्कार मंडळी. आम्ही नुकतीच एक वापरलेली पेट्रोल गाडी घेतली आहे. गर्दीत हळू चालवताना तापमानाचा काटा मध्याच्या जरासा खाली असतो, परंतु मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की तो उतरत उतरत थंडच्या खुणेजवळ जाऊन बसतो. हीटर लावल्यास हवा कोमटच येते आणि पेट्रोलही अपेक्षेपेक्षा जास्त लागते. गाडी तापत नाही तर काळजी कशाची, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मला मात्र ते पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बी-५०१ : तुम्हाला पटत नाही, हे योग्यच आहे. वेगात काटा उतरणे हे थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचे ठळक लक्षण आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर (समोरच्या वाऱ्याने कूलंट थंड करणारी जाळी) यांच्या वाटेवरचा, आतल्या मेणाच्या जोरावर चालणारा वॉल्व. इंजिन थंड असते तोवर तो मिटलेला राहतो आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, इंजिनातल्या इंजिनात फिरते. बहुतेक गाड्यांत ८२ ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते मेण वितळून प्रसरण पावते, दांड्याला रेटते आणि रेडिएटरची वाट उघडते. हा वॉल्व मिटेनासा झाला की कूलंट गाडी सुरू केल्यापासूनच रेडिएटरमधून जाऊ लागते. हळू चालताना समोरून वारा कमी लागतो म्हणून काटा थोडा तरी वर चढतो, पण वेगात इंजिनाला तापायला वावच मिळत नाही.

इंजिन थंड राहणे निरुपद्रवी नाही. तापमान कमी दिसत असेपर्यंत गाडीचा संगणक जादा पेट्रोल सोडत राहतो, न जळालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळते, आणि ऑइलमधली पाण्याची वाफ उडून न गेल्यामुळे तेही लवकर खराब होते. अॅव्हरेज घटते ते दिसते. इंजिनाची झीज मात्र दिसत नाही.

खात्री करायची असेल तर रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करून थर्मोस्टॅटकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या होज पाइपला अधूनमधून हात लावून पाहा. बऱ्याच गाड्यांत हा वरचा पाइप असतो. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप काही मिनिटे गारच राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. उघडा अडकला असेल तर तो सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो. मात्र विजेचा पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो, म्हणून हात, बाही आणि ओढणी त्याच्यापासून लांब ठेवावी.

डी-३०२ : काका, काट्यावर कितपत विश्वास ठेवावा? आमच्या गाडीचा काटा तर एकदा मध्यावर आला की हलतच नाही.

बी-५०१ : ताई, अगदी महत्त्वाचा मुद्दा काढलात. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून अनेक गाड्यांत तापमान बऱ्यापैकी कमीजास्त झाले तरी काटा मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो. म्हणून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) लावून कूलंटचे प्रत्यक्ष तापमान अंशांत वाचणे उत्तम. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड आला, तर इंजिन ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही असा त्याचा अर्थ असतो. परंतु कूलंट कमी असल्याने किंवा सेन्सर बिघडल्यानेही तो येऊ शकतो, म्हणून केवळ कोड पाहून भाग बदलू नये.

सी-१०४ : आमच्या ओळखीचे मेकॅनिक म्हणतात की उष्ण हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही. तो काढून टाकला की कटकट मिटते.

बी-५०१ : साहेब, हा सल्ला सर्रास दिला जातो, तरी मी त्याच्याशी पूर्णपणे असहमत आहे. ए-२०३ यांना आज जो त्रास होत आहे, तोच थर्मोस्टॅट काढल्याने कायमचा होतो, कारण तो काढणे आणि तो उघडा अडकणे यांचा परिणाम एकच. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर थोडे गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसेच इंजिनात परतते आणि भरल्या गाडीने चढ चढताना इंजिन उलट तापू शकते.

ए-२०३, गाडी वापरलेली आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. नवा थर्मोस्टॅट मागवण्यापूर्वी त्याचे घर, म्हणजे तो ज्या कप्प्यात बसतो तो, उघडून आत काय आहे ते समक्ष पाहा. पूर्वी गाडी तापत असल्यामुळे कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला असेल, तर मूळ दुखणे अजून आतच आहे.

ए-२०३ : काका, आज माझ्यासमोर घर उघडले. आत थर्मोस्टॅट नव्हताच. गॅस्केटच्या (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून घालतात त्या पट्टीच्या) जागी लाल सीलंट चोपडलेले होते, निथळलेले पाणी तांबूस होते आणि त्यात कूलंटचा रंग नावालाही नव्हता. पंख्याची तारही थेट जोडलेली असल्याने चावी फिरवताच पंखा चालू होतो.

बी-५०१ : म्हणजे गाडी पूर्वी तापत होती असे मानूनच पुढे चालावे. आत्ता नवा थर्मोस्टॅट बसवून लगेच लांब जाऊ नका. आधी रेडिएटर गंजाने चोंदला आहे का ते पाहून घ्या, कूलिंग यंत्रणेची दाब देऊन गळती तपासा, आणि कूलंटमध्ये जळालेला वायू शिरतो आहे का याची चाचणी करून घ्या, कारण हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि सिलिंडर यांच्यामधली गॅस्केट) फुटल्याचे त्यातून कळते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर तीही दाखवा. पंख्याची जोडणी मूळ पद्धतीने करून घेतलीच पाहिजे.

हे सर्व ठीक निघाल्यावरच कंपनीने सांगितलेल्या अंशांचा थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटसह बसवा. त्यावर हवा सुटण्यासाठी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला यायला हवी. साधे पाणी न भरता सांगितलेले कूलंट योग्य प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, काढून घ्या, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतला द्रव दाबाखाली असतो आणि झाकण सैल होताच उकळून अंगावर येतो.

डी-३०२ : विकणाऱ्याला हे लेखी कळवून ठेवावे, असे मला वाटते. काम सुरू करण्यापूर्वी रिकाम्या घराचे आणि पंख्याच्या तारेचे फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर वाद राहणार नाही.

ए-२०३ : ताई, फोटो काढले आहेत आणि लेखी स्वरूपात पाठवलेही आहेत. करारात इंजिनाची हमी दिलेली असल्यामुळे तपासणीचा खर्च त्यांनी उचलावा अशी मागणी केली आहे. दाबाची आणि वायूची चाचणी होईपर्यंत गाडी गॅरेजमध्येच राहील. दोन्हींचे निकाल हाती आले की इथे कळवतो.