१९७२ च्या अँबेसिडरला स्टीलचा फ्रीफ्लो सायलेन्सर बसवू का? (शिव्या घालायच्या तर कारणासहित घाला)

तापीकाठ_मार्कटू
भाऊंनो मुद्दा सरळ मांडतो. घरची अँबेसिडर मार्क टू, १९७२ ची, १४८९ सीसी पेट्रोल, काकांनी कापसाच्या धंद्यात वापरलेली आणि नशीब म्हणा, मधल्या काळात कोणी तिच्यात डिझेल इंजिन कोंबलं नाही, नाहीतर आपल्या खानदेशात पेट्रोलवर राहिलेली अँबेसिडर दिसणं अवघड. टिंकरचं काम झालं, रंग झाला, इंजिनचं हेड बसलं. आता एक्झॉस्टवर गाडी अडलीय. जुना सायलेन्सर काढला तर आतल्या जाळ्या सुटून नुसता खुळखुळा झालेला, आणि टेलपाईप तर बोटाने दाबला तिथे आत गेला.

आता दोन रस्ते आहेत. एक, कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून साध्या पत्र्याचा जुन्या पॅटर्नचा सेट मागवायचा. दोन, इथेच पाईपवाल्याकडून मॅनिफोल्डपासून (सगळ्या सिलेंडरचा धूर गोळा करणारा इंजिनवरचा बिडाचा भाग) मागेपर्यंत स्टेनलेसचा पाईप आणि आरपार जाळीचा फ्रीफ्लो, म्हणजे धूर फार न अडवणारा, सायलेन्सर करून घ्यायचा, तो म्हणतो मॅनिफोल्डच्या जागी प्रत्येक सिलेंडरला वेगळी नळी असलेला चार पाईपचा हेडर पण बनवून देतो.

माझं मत स्टेनलेसकडे. टायर, बॅटरी, सायलेन्सर हे झिजायचे भाग. या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर काकांच्याच काळात कधीतरी भंगारात गेला असणार, त्यानंतरचे सगळे बाजारातलेच. मग मी बाजारातला चांगला बसवला तर रिस्टोरेशन बाटलं कसं?

मूळ_ते_मूळ
बाटलं. टायर बदलताना तू अलॉय आणि लो प्रोफाईल टाकतो का? नाही ना, त्याच मापाचा टाकतो. तसंच सायलेन्सर बदल, पण त्याच जातीचा बदल. अँबेसिडर म्हटलं की तो जाड भरलेला घुमणारा आवाज, तो निम्मा सायलेन्सरच्या डब्यातून येतो. तिला फ्रीफ्लो लावला की ती लग्नाच्या वरातीतल्या जनरेटरशेजारी उभी केली तरी ओळखू येणार नाही. आणि तुझी गाडी ५० वर्षांच्या वर गेली, म्हणजे २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, VA वाली नंबरप्लेट मिळते. त्याची पहिली अट काय तर गाडी मूळ स्वरूपात पाहिजे. हातची संधी पाईपसाठी घालवू राहिला तू.

तापीकाठ_मार्कटू
नियम मी पण वाचलाय. त्यात चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांच्यात मोठा बदल नको असं आहे, सायलेन्सरचं नाव नाही. आणि व्हिंटेज नोंदणी घेतली की २०,००० रुपये फी भरून गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. मला ही गाडी घेऊन अमळनेरला मामाकडे जायचंय, पद्मालयला जायचंय. मला नको ती प्लेट.

पासिंगवाला_१९
कायद्याचं मी सांगतो, रोज त्याच आवारात असतो. दोघंही अर्धं बोलू राहिले.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही, आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण यावर कडक भूमिका घेतलीय. पण आरसीवर सायलेन्सरचा मेक लिहिलेला नसतो, त्यामुळे पासिंगला कोणी खाली वाकून बघत बसत नाही. अडचण दुसरीकडे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे आवाज शक्य तेवढा कमी करणारा सायलेन्सर पाहिजेच, आणि आवाजाचा नियम मोडला तर कलम १९०(२) मध्ये पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद पण लागू शकते. बुलेटवाल्यांचे सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्यात. म्हणजे स्टेनलेस आहे की पत्रा हे कायदा विचारत नाही, आवाज विचारतो. आरपार जाळीचा डबा छोटा घेतला तर फसशील, लांब घेतला तर कोणी काही बोलणार नाही.

सायलेंट_नको_भो
एवढं काय घाबरायचं भो, आवाज नाही तर मजा काय. माझ्या मित्राच्या पद्मिनीला लावलाय, रिंग रोडला निघाली की लोक मान वळवतात. पिकअप पण वाढतो. फक्त थोडं बॅक प्रेशर, म्हणजे धुराला पाईपमध्ये थोडा अडथळा, ठेवा, त्याशिवाय इंजिन ओढत नाही.

मूळ_ते_मूळ
मान वळवतात ते कौतुकाने का कंटाळून हे विचारलं का कधी?

भुसावळ_मिस्त्री
मी गॅरेजवाला आहे, लिहिणं जमत नाही पण आज लिहितो कारण वरती तीन गोष्टी चुकीच्या चालल्यात.

पहिली. चार पाईपचा हेडर. या इंजिनला एक्झॉस्टचे पोर्ट तीनच आहेत. पहिल्या आणि चौथ्या सिलेंडरला एकेक, मधल्या दोघांना मिळून एक. हे बीएमसीचं बी सिरीज इंजिन आहे, मॉरिस ऑक्सफर्डवाल्या खानदानातलं, एमजीमध्ये पण तेच. चार पाईप जोडणार कुठे? जो चार पाईपचा हेडर देतो म्हणतो त्याने बोनेट उघडून पाहिलेलंच नाही. त्याच्याकडून काहीच करून घेऊ नको.

दुसरी. बॅक प्रेशर इंजिनला कधीच नको असतं. इंजिनला पाहिजे असते ती धुराची चाल. पाईप फार मोठ्या मापाचा घेतला तर धूर आतमध्ये रेंगाळतो, खालच्या आरपीएमला ओढ मरते, आणि लोकांना वाटतं बॅक प्रेशर कमी झालं म्हणून मेली. हे इंजिन ५० च्या आसपास घोड्यांचं, चार हजाराच्या पुढे त्यात जीव नाही. फ्रीफ्लोचा फायदा जिथे सुरू होतो तिथे ही गाडी जातच नाही. चाळीसगावच्या औट्रम घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना तुला खालची ओढ पाहिजे, म्हणून मूळ मापाचाच पाईप घे. पिकअप वाढला म्हणतात तो आवाजाने वाढतो, गाडीने नाही.

तिसरी, आणि हीच खरी. उष्णता. या इंजिनला कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, कार्ब अगदी मॅनिफोल्डच्या डोक्यावर. बिडाचं जाड मॅनिफोल्ड उष्णता धरून ठेवतं, पातळ नळीचा हेडर ती सगळी बोनेटमध्ये सोडतो. पुण्या-मुंबईला चालून जाईल, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. फाटकावर गाडी बंद केली, गेट उघडल्यावर स्टार्टर मारला की नुसती घरघर, कारण फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बच्या वाटीतलं, पेट्रोल उकळून गेलेलं. वर आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते ७८ डिग्रीलाच उकळतं. मग लोक ओलं फडकं टाकून बसतात. हेडरला कापडी पट्टी गुंडाळतात त्याने उष्णता थोडी अडते पण पट्टीत पाणी धरून राहतं आणि साधी नळी खालून सडते.

म्हणून माझं म्हणणं, मॅनिफोल्ड बिडाचंच, कार्बखालचा उष्णता अडवणारा पत्रा जागेवरच. त्याच्या मागे काय लावायचं ते लाव.

सायलेंट_नको_भो
मिस्त्री तुमचं बरोबर असेल पण पद्मिनीला असं काही झालं नाही

भुसावळ_मिस्त्री
पद्मिनी वेगळी गाडी आहे रे बाबा. ती १०८९ सीसीची फियाट.

एमआयडीसी_आर्गन
धुळ्याहून. फॅब्रिकेशनचं काम करतो, स्टेनलेसबद्दल दोन शब्द, कारण फसवणूक इथेच होते.

जिन्याच्या रेलिंगला वापरतात तो बहुतेक २०२ ग्रेडचा पाईप असतो, दिसायला चकाचक पण हलक्या प्रतीचा. तोच उचलून गाडीला लावतात. मागायचा ३०४ किंवा ४०९. आणि चुंबक लावून बघायची जी पद्धत आहे ना, चिकटला म्हणजे डुप्लिकेट, ती इथे उलटी पडते: २०२ ला पण चुंबक सहसा चिकटत नाही, आणि ४०९ ला चिकटतो, ज्याचे एक्झॉस्ट मोठ्या कार कंपन्या स्वतः वापरतात. त्यामुळे चुंबकाने काही कळत नाही, बिल मागा, पाईपवरचा छापा बघा.

३०४ तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा बराच जास्त वाढतो. जुन्या गाडीचं इंजिन रबराच्या माउंटिंगवर डुलत असतं, पाईप जर चासीला घट्ट यू क्लॅम्पने आवळला तर तो वाढायला जागा शोधतो आणि चीर जाते ती वेल्डिंगला नाहीतर मॅनिफोल्डच्या फ्लँजला. नवीन पाईप मिळेल, बिडाचं मॅनिफोल्ड फुटलं तर कुठून आणशील, उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ ला बंद पडला. म्हणून रबरी हँगर, आणि बसवताना सगळे जोड सैल ठेवायचे, इंजिन चालू करून तापू द्यायचं, पाईप स्वतःची जागा घेईल मग पुढून मागे आवळत यायचं. मॅनिफोल्डच्या स्टडला पितळी नट लावा, पुढच्या वेळी उघडताना स्टड तुटणार नाही. आणि वेल्डिंग आर्गन गॅसचंच, साध्या वेल्डिंगने जोड सहा महिन्यांत गंजतो आणि लोक म्हणतात स्टेनलेस खराब.

मूळ_ते_मूळ
सगळं मान्य, पण एवढा उपद्व्याप कशाला? साध्या पत्र्याचा सेट आणा, बसवा, सडला की परत आणा. पन्नास वर्षं असंच चाललं.

एमआयडीसी_आर्गन
पन्नास वर्षं गाडी रोज पळत होती म्हणून चाललं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच, लांब पळाली तर ते वाफ होऊन बाहेर जातं. हौसेची गाडी रविवारी चौकापर्यंत जाते आणि परत येते, सगळं पाणी डब्यात. आतून सडतो. कमी चालणाऱ्या गाडीलाच स्टेनलेस जास्त लागतो, लोकांना हे उलटं वाटतं.

मूळ_ते_मूळ
मग लांब चालवा. गाडी त्यासाठीच असते. शेडमध्ये झाकून ठेवायची आणि सायलेन्सर मात्र अमर पाहिजे.

शिरपूरकर
यांन्हं पन बरोबर शे भाऊ 😄 आमच्याकडे एक जण दोन वर्षं सायलेन्सर निवडू राहिला, तोवर गाडीत उंदरांनी वायरिंग खाल्लं.

तापीकाठ_मार्कटू
मिस्त्रींचा तीन पोर्टचा मुद्दा मी आज बोनेट उघडून स्वतः बघितला. हेडर बाद. आणि त्या पाईपवाल्याला फोन करून विचारलं की बाबा चार पाईप कुठे जोडणार होता, तर म्हणे "करून घेतलं असतं". तो पण बाद.

आता ठरवलंय असं: बिडाचं मॅनिफोल्ड ठेवतो, नवीन पॅकिंग, मागे ३०४ चा मूळ मापाचा पाईप आणि लांब डबा. प्रश्न दोन उरले. फ्रीफ्लो डब्याने कार्बचं सेटिंग हलेल का? आणि मागच्या एक्सलवरून पाईप जो वर चढून खाली येतो ते वळण कोण नीट वाकवून देईल, कारण साध्या मशीनवर वाकवला की वळणावर चपटा होतो.

भुसावळ_मिस्त्री
एसयू कंपनीचा कार्ब असेल तर जेट बदलायचा प्रश्न नाही, सुई आणि खालचा नट. एक्झॉस्ट बसल्यावर गाडी पूर्ण तापवून मिक्स्चर परत बघायचं. इथेनॉलने आधीच लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालेलं असतं, त्यामुळे नट थोडा रिचकडेच जाईल. उतारावर पाय उचलला आणि मागे फटफट ऐकू आली तर आधी जोडातून हवा खेचतेय का ते बघ, लगेच कार्बला हात घालू नको. मग पीयूसी, जुन्या गाडीला आयडलवर सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साईड) ३ टक्क्यांच्या आत पाहिजे, तिथेच कळेल सेटिंग कुठे आहे.

एमआयडीसी_आर्गन
वाळू. पाईपमध्ये कोरडी बारीक वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, गरम करून हळू वाकवायचा, चपटा होत नाही. वाळू ओली असेल तर वाफेने तोंडाचं झाकण गोळीसारखं उडतं, म्हणून आधी तव्यावर भाजून घेतात. नाहीतर तयार बेंड मिळतात, ते कापून आर्गनने जोडायचे, माझ्या मते तेच स्वच्छ पडतं.

मूळ_ते_मूळ
मॅनिफोल्ड वाचलं तेवढं बरं झालं. निदान त्या डब्याला उष्णतेचा काळा रंग मार, खाली वाकून बघितलं तर कंपनीचा वाटला पाहिजे.

तापीकाठ_मार्कटू
३०४ चे पैसे मोजून वरून काळा रंग? नाही मारणार.

मूळ_ते_मूळ
मग रॅलीला आणू नको.

तापीकाठ_मार्कटू
अमळनेरला चाललोय ना मी, रॅलीला कुठे.